हौसेलाही मर्यादा हवी

मृग नक्षत्राच्या दोन-चार दमदार सरी पडून गेल्या आणि डोंगरउतारावरील कोरडे ओढे पुन्हा वाहू लागले, की दरवर्षी या नगरातून एक निराळीच यात्रा बाहेर पडते. दिवस मावळल्यावर ती निघते आणि मध्यरात्र उलटल्यावर परतते. तिच्यात देव नाही, पालखी नाही. मोटारी आहेत, कपाळास बांधावयाच्या विजेऱ्या आहेत, बादल्या आणि पोती आहेत. म्हैसमाळच्या बाजूचे ओढे, कन्नडकडील नाले, पैठणच्या नाथसागराच्या फुगवट्याचा काठ ही तिची क्षेत्रे, आणि खेकडे हे तिचे फल. या यात्रेकरूंत पोटासाठी जाणारे थोडे. हौसेखातर जाणारे पुष्कळ. बँकांतील अधिकारी, वकील, डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्यांतील अभियंते आणि त्यांची मुलेबाळे, म्हणजे या दैनिकाचे वाचकच तीत बहुसंख्य असतात. म्हणूनच हा विषय आम्ही आतल्या पानावरील एखाद्या कोपऱ्यात न टाकता येथे घेतला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. या हौसेची कुचेष्टा करण्याचा किंवा मांसाहाराविषयी कोणास उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. पावसाळी रात्री गुडघाभर पाण्यात उभे राहून दगडाआडच्या हालचालीवर नजर ठेवण्यात जो थरार आहे, त्यास आम्ही अरसिकपणे नाकारणार नाही. शहरात वाढलेल्या मुलास काळोख म्हणजे काय, बेडकांचा आवाज किती प्रकारचा असतो, भिजल्या मातीचा वास रात्री कसा निराळा येतो, हे एका रात्रीत कळते. शंभर धड्यांनी कळत नाही. पुढे घरी पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचा रस्सा होतो आणि सर्दी-पडशावर त्यासारखा उतारा नाही अशी ग्वाही घरातील वडीलधारी मंडळी देतात. हा आनंद आपल्या वाडवडिलांनी घेतला आणि आपल्या नातवंडांनीही घ्यावा. प्रश्न एवढाच आहे, की त्यांच्यासाठी ओढ्यात काही शिल्लक राहावयाचे की नाही?

पूर्वी हीच शिकार चिंध्यांच्या टेंभ्यावर किंवा गॅसबत्तीच्या उजेडात होत असे. टेंभा विझे, बत्तीचा मेंटल फुटे, वाट चिखलाची असे आणि गावाबाहेर मैल-दोन मैलांपलीकडे कोणी जात नसे. साधनांचा तोकडेपणा हाच त्या काळी खेकड्यांचा संरक्षक होता. आज तो संरक्षक उरलेला नाही. पांढऱ्या प्रखर उजेडाच्या विजेऱ्या रात्रभर पुरतात. त्या उजेडाने खेकडा दिपतो आणि जागच्या जागी थिजतो. मागून पाठ धरली की तो हाती आलाच. मोटार थेट पुलापर्यंत जाते. एखाद्या ओढ्यात भरपूर माल आहे ही वार्ता भ्रमणध्वनीवरून घटकेत शंभर घरी पोचते आणि दुसऱ्या रात्री त्याच ओढ्यावर दहा टोळ्या उतरतात. जेवणापुरते दहा-बारा खेकडे मिळाले म्हणजे परतण्याची जुनी रीत जाऊन पोते भरल्यावाचून न परतण्याची नवी रीत पडली आहे. भरल्या पोत्यातील निम्मा माल गुदमरून मरतो व उकिरड्यावर जातो, याचे दुःख कोणास होत नाही. शिकारीची हौस आणि संहाराचा हव्यास यांच्यामधील रेषा येथेच पुसली जाते.

खेकडा हा काही संपणारा प्राणी नव्हे, तो बिळाबिळांतून पैदा होतच असतो, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि ती चूक का, हे सांगणारे संशोधन याच नगरात झालेले आहे. आपल्या विद्यापीठाचे नाव मराठवाडा विद्यापीठ असे होते त्या काळी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, तेथील प्राणिशास्त्र विभागात डॉ. नागभूषणम आणि दिवाण यांनी आपल्या भागातील गोड्या पाण्याच्या खेकड्याच्या प्रजननचक्राचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. समुद्रातील खेकडा किंवा शेवंड लाखांनी अंडी घालतो. त्यांची सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात, बहुतेक मरतात आणि जगली-वाचलेली दुसऱ्या किनाऱ्यास लागतात. गोड्या पाण्यातील खेकड्याची गृहस्थी याहून अगदी वेगळी आहे. त्याची मादी अंडी थोडी घालते, परंतु ती मोठी असतात. ती आपल्या पोटाखालच्या रुंद घडीत धरून ठेवते. त्यांतून थेट लहानसे खेकडेच बाहेर येतात, आणि तेही काही काळ आईच्या पोटाशीच बिलगून राहतात. याचा अर्थ असा, की त्या ओढ्यात पुढच्या वर्षी दिसणारे खेकडे हे त्याच ओढ्यातील मातांच्या पोटी आलेले असतात. दुसऱ्या ओढ्यातून वाहत येऊन रिकामी जागा भरून काढणारे कोणी नसते. एक ओढा एकदा रिता झाला की तो वर्षानुवर्षे रिताच राहतो.

आता यातील क्रूर योगायोग पाहा. उन्हाळाभर ओलसर बिळात दडून बसलेला हा जीव पहिल्या पावसाने बाहेर पडतो. पोटाशी अंडी वा पिले धरलेल्या माद्याही याच सुमारास दृष्टीस पडतात, आणि आपल्या विजेऱ्याही नेमक्या याच सुमारास पेटतात. पुढे आषाढी अमावास्या येते. तिच्या आदल्या आठवड्यात या हौसेला नुसते उधाण येते, कारण त्यानंतर श्रावण लागणार असतो आणि श्रावणात घरोघरी सामिष वर्ज्य होणार असते. म्हणजे जो संयम आपण धर्म म्हणून श्रावणात पाळतो, तो खेकड्याच्या दृष्टीने महिना-दीड महिना उशिरा येतो! कोकणातील कोळी बांधवांनी मात्र हा हिशेब फार पूर्वीच ओळखला. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मगच त्या पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा त्यांचा शिरस्ता कोणत्याही सरकारी आदेशाहून जुना आहे. त्यात वादळाची भीती होती हे खरे. परंतु माशांच्या विणीच्या काळात समुद्रास उसंत मिळत होती हेही तितकेच खरे. आज राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै अशी जी मासेमारीबंदी असते, ती या रूढीचेच कायदेशीर रूप होय.

जेथे अशी उसंत मिळत नाही तेथे काय घडते, याचे उदाहरण शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या समुद्रात चपट्या जातीचा शेवंड एके काळी मोठ्या प्रमाणावर सापडत असे. यांत्रिक नौकांच्या जाळ्यांनी अंड्यांवरील माद्या व अपुऱ्या वाढीची पिले सरसकट उपसली आणि १९९४ च्या सुमारास ही मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. ज्या मालास परदेशात सोन्याचे मोल होते, तो माल आपण आपल्याच हातांनी घालविला. शहाणपण आले ते त्यानंतर. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीच्या शेवंडास किमान वजनाची अट घातली. मुंबईकडील मुख्य जातीसाठी ती ३०० ग्रॅम आणि या चपट्या जातीसाठी १५० ग्रॅम आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ सागरी जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. समुद्राच्या बाबतीत उशिरा का होईना, डोळे उघडले. ओढ्यांच्या बाबतीत ते अद्याप मिटलेलेच आहेत.

हौसेची शिकार आणि नियम यांचे वैर असते असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हौशी लोक रात्री समुद्रात गोल जाळी सोडून शेवंड धरतात; आपल्याकडील खेकड्यांच्या रात्रीचीच ती सागरी आवृत्ती. परंतु तेथे दरडोई ७ शेवंडांच्या वर ठेवता येत नाहीत, पाठीचे कवच सव्वातीन इंचांहून कमी भरले तर तो तत्काळ पाण्यात सोडावा लागतो, आणि कोणत्या दिवशी कोठे किती धरले याची नोंद एका पत्रकावर करून ते सरकारकडे पाठवावे लागते. उन्हाळ्यात, माद्यांवर अंडी असण्याच्या काळात, ही शिकार सर्वस्वी बंद असते. फ्लोरिडात हौशी लोकांसाठी जुलैच्या अखेरीस दोन दिवसांचा खास हंगाम असतो. तेथे शेवंडाचे माप पाण्यातच घ्यावे लागते, अंड्यांवरील मादीस हात लावण्याची मुभा नाही आणि शेवंडासाठी प्रसिद्ध असलेल्या मन्रो परगण्यात त्या दोन दिवसांत रात्री पाण्यात बुडी मारण्यासही मनाई आहे. ज्या देशात व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा डंका, तेथील नागरिक खिशात मोजपट्टी घेऊन समुद्रात उतरतो आणि त्यात त्यास कमीपणा वाटत नाही. या नियमांनी तेथील हौस मेली नाही. उलट ती टिकली ती या नियमांमुळेच.

आपल्याकडे कायदा मुळीच नाही असे कोणी समजू नये. ब्रिटिश अमदानीतील १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यातही ‘मासा’ या शब्दात कवचधारी जलचर धरलेले होते, आणि सुरुंग लावून वा विष कालवून पाण्यातील जीव मारणे हा गुन्हा ठरविला होता. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा तर याहून पुष्कळ कडक आहे. गौताळा-औट्रमघाट आणि जायकवाडी या आपल्या दोन्ही अभयारण्यांची घोषणा १९८६ सालची. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून प्रवेश करणे आणि तेथील वन्य जीव उचलून नेणे या दोहोंस हा कायदा मनाई करतो. त्यात वाघ-बिबटेच तेवढे येतात असे नव्हे, तर अपृष्ठवंशी जीवही येतात. म्हणजे गौताळ्याच्या ओढ्यात रात्री विजेरी घेऊन उतरणारा सद्गृहस्थ केवळ हौशी नसतो. कायद्याच्या भाषेत तो अपराधी असतो. नाथसागराच्या फुगवट्यास लोक सहलीचे ठिकाण समजतात, परंतु त्याचे सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पक्ष्यांसाठी राखलेले आहे, याची किती जणांस जाणीव आहे? अभयारण्याबाहेरील ओढ्या-नाल्यांतील खेकड्यांविषयी मात्र, कोणत्या काळात धरावेत, किती धरावेत, कोणता सोडावा, असा कसलाही संकेत आपल्या जिल्ह्यात रूढ नाही. तो निर्माण करावा, हे आमचे म्हणणे आहे.

येथे न्यायाचाही प्रश्न उपस्थित होतो, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तलावात जाळे टाकणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेस ठेका घ्यावा लागतो, रक्कम भरावी लागते, मत्स्यबीज सोडावे लागते. ओढ्याकाठचा भिल्ल किंवा भोई समाजातील माणूस रात्री चार खेकडे धरतो ते घरची चूल पेटावी म्हणून. त्याची बायको सकाळी ते टोपलीत घालून आठवडी बाजारात बसते आणि त्यावर मीठ-मिरची घेऊन जाते. पावसाळ्याच्या आरंभी, शेतातील कामास पुरती सुरुवात झालेली नसता, हाच तिचा आधार असतो. शहरातील मोटारी एका रात्रीत तो ओढा उपसून गेल्या की या बाईची टोपली रिकामी राहते. आणि पुढे केव्हा खेकडे कमी झाले म्हणून ओरड झालीच, तर बंदी प्रथम कोणावर येईल? मोटारवाल्यांवर नव्हे, टोपलीवालीवर! इसापाच्या गोष्टीतील खेकडीण आपल्या पोरास सरळ चालावयास सांगते, आणि पोर म्हणते, तू आधी चालून दाखव. ही गोष्ट शाळेत आपण सर्वांनी वाचली आहे. गरिबास निसर्गरक्षणाचे पाठ देण्याआधी सुशिक्षितांनी स्वतः सरळ चालून दाखविणे प्राप्त आहे.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. ज्या शहरात नळास पाणी येण्याची नागरिक दिवस-दिवस वाट पाहतात, तेथे खेकड्यांची चिंता कसली, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की हे दोन प्रश्न वाटतात तितके दूरचे नाहीत. खेकडा पाण्यातील कुजका पाला व मेलेले जीव खाऊन प्रवाह स्वच्छ ठेवतो. बगळे, खंड्या, कोल्हे, पाणमांजरे त्यावर जगतात. ओढा जिवंत असेल तेथेच तो राहतो. खाम नदीची आपण गटारगंगा केली, ती दशा ज्या ओढ्यांना अजून आलेली नाही, त्यांचे जिवंतपण राखणे हे पाण्याच्या प्रश्नाचेच एक अंग आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतातील कीटकनाशके, कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी, बेसुमार वाळूउपसा यांनी जो नाश होतो त्यापुढे हौशी शिकाऱ्यांचे पाप ते किती? हे आम्हांस मान्य आहे. जगातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या सुमारे एक-षष्ठांश जातींचे अस्तित्व धोक्यात असल्याचे शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले, त्यास पाण्याचा व अधिवासाचा नाश हेच मोठे कारण आहे. परंतु मोठे पाप दुसरा करतो म्हणून लहान पाप आपण चालू ठेवावे, हे तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाही. शिवाय सांडपाणी थांबविण्यास कोट्यवधी रुपये आणि अनेक वर्षे लागतील. पिलांसह धरलेली मादी परत पाण्यात सोडण्यास एक क्षण लागतो.

खेकडे बांध पोखरतात, तेव्हा ते कमी झालेलेच बरे, असेही काही शेतकरी म्हणतात. भातखाचरांच्या बांधापुरते त्यात तथ्य आहे. परंतु खेकड्यांच्या माथी वाटेल ते मारण्याची सवयही आपल्यास लागली आहे. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून निरपराध माणसे वाहून गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी त्याचा दोष खेकड्यांवर टाकला होता, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. मुका जीव खुलासा देऊ शकत नाही, एवढाच त्याचा अपराध.

तर मग करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या व सोप्या आहेत. पहिली, अंडी वा पिले असलेली मादी कोणीही, कधीही धरू नये. ती ओळखणे कठीण नाही. खेकडा उलटा केला की मादीच्या पोटाखालची घडी रुंद व गोलसर दिसते, नराची अरुंद व निमुळती. दुसरी, पाठ तीन बोटांहून कमी रुंद असलेला खेकडा सोडून द्यावा. तिसरी, हौसेने जाणाऱ्याने घरच्या एका जेवणापुरतेच खेकडे आणावेत आणि विक्री तर मुळीच करू नये. चौथी, मृगापासून पुढचे काही आठवडे हौशी शिकार पूर्णपणे बंद असावी. पाचवी, उलथलेला दगड पुन्हा जागी ठेवावा, पहार घालून बिळे व बांध उकरू नयेत. विष व विजेचा प्रवाह यांचे तर नावही नको. सहावी, अभयारण्याची हद्द ओलांडू नये. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. अनेक गावी ती कागदावरच असते. तिला जागे करून हे नियम तिच्यामार्फत ठरवावेत. बाहेरून येणाऱ्या हौशी माणसाकडून अल्प शुल्क घ्यावे व ते ओढ्याच्या देखभालीस लावावे. ज्यांचे पोट या पाण्यावर आहे, त्यांस शुल्क माफ असावे आणि समितीत त्यांना मानाची जागा असावी, कारण कोणत्या दगडाखाली काय आहे हे त्यांच्याएवढे कोणत्याही अधिकाऱ्यास ठाऊक नसते. जिल्हाधिकारी आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी पुढील मृगापूर्वी एवढे केले, तर पोलिसांची गस्त घालण्याची वेळ येणार नाही.

नियमांचा लाभ खेकड्यांनाच होईल असेही नव्हे. डोंगरात वर पाऊस कोसळत असतो आणि खाली ओढ्यात उभ्या असलेल्यास त्याची वार्ता नसते. लोंढा येतो तो एकाएकी. साप याच रात्री भक्ष्याच्या शोधात निघतात, आणि दगडाआडच्या प्रत्येक बिळात खेकडाच असतो असे नाही. फुगवट्याच्या काठचा गाळ वरून घट्ट दिसतो व पाय पडताच कंबरेपर्यंत गिळतो. लहान मुलांस घेऊन जाणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. गावातील एखादा जाणता माणूस बरोबर असला तर हे धोके टळतात, आणि त्यास चार पैसेही मिळतात.

कायदा पाहत असताना नियम पाळणे ही भीती होय. कोणी पाहत नसताना पाळणे ही संस्कृती. रात्रीच्या ओढ्यावर कोणी पाहत नसते. तेथे विजेरीच्या उजेडात पिलांनी भरलेली एखादी मादी हाती येते, शेजारी आपला मुलगा बादली धरून उभा असतो, आणि ती मादी बादलीत जाते की पाण्यात, याकडे त्याचे लक्ष असते. त्या एका क्षणी तो जे शिकेल ते जन्मभर विसरणार नाही. या नगरातील सुजाण पालक त्यास काय शिकवितात, यावर आपल्या ओढ्यांचे भवितव्य अवलंबून आहे.